ओसाड वाटणारा मुलूख पाहायचा कसा

दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, त्याच्याखालून वळत येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि घराशेजारी नारळाचं झाड. ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की आपल्याकडं कुठल्याही शाळेत हेच चित्र निघतं. नोकरीची पहिली दोन वर्षं मी माण तालुक्यात, माझ्या माहेराजवळच्या शाळेत काढली. सातवीच्या वर्गात ४१ मुलं होती आणि ४१ वह्यांत नारळ उभा होता. वर्गाच्या खिडकीतून दिसत होता तो माळ, लांबवर शंभूमहादेवाच्या रांगेची सपाट धार आणि अलीकडं एकच हिवराचं झाड. एकाही वहीत हिवर नव्हता.

पुढं लग्न होऊन मी संगमेश्वर तालुक्यात आले आणि बावीस वर्षं इथंच भूगोल शिकवला. इथल्या मुलांच्या चित्रात नारळ येतो त्यात नवल नाही, पण गावाच्या डोक्यावरचा काळा कातळ त्यांच्याही चित्रात येत नाही. सुंदर कशाला म्हणायचं हे दोन्हीकडच्या पोरांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं आहे. मला याची मनापासून खंत वाटते. म्हणून मी मुलांना, नातेवाइकांना, शेजारणींना घेऊन मुद्दाम अशा जागी जाते जिथं ‘काय बघण्यासारखं आहे?’ असं विचारलं जातं. करता करता एक रीत बसली, ती इथं लिहिते आहे. उदाहरणं माझ्या दोन घरांची आहेत. माणदेशात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, आणि सासरी तो तीन हजारांच्या वर. तुम्ही तुमचे मुलूख त्या जागी घाला.

आधी आपल्या डोळ्याचं माहेर शोधा

निघायच्या आदल्या दिवशी कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. लहानपणी कुठं बसलं की बरं वाटायचं? कुठल्या दिवसाला घरातली मोठी माणसं ‘आज काय छान हवा पडलीय’ म्हणायची? आणि कुठून जाताना पाय आपोआप भरभर पडायचे?

माझी उत्तरं अशी होती. विहिरीच्या थारोळ्याचा दगड. आभाळ भरून आलेला दिवस. आणि कराडकडच्या मामाच्या गावचा ऊस, कारण त्यात शिरलं की दोन हातांपलीकडं काही दिसायचं नाही.

हेच मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मागीलदारचा फणस. श्रावणात चार दिवसांच्या झडीनंतर पडलेलं ऊन. आणि पाय भरभर पडायचे ते सड्यावरून, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळावरून, येताना, ‘तिथं आडोसा म्हणून नाही गं कुठं.’

मी चकित होऊन त्यांच्याकडं पाहत राहिले. माहेरी ढगाळ दिवस छान, सासरी उन्हाचा दिवस छान. मला झाकलेल्या जागेची भीती, त्यांना उघड्या जागेची. लग्नानंतरचा पहिला पावसाळा मला कोंडल्यासारखा का गेला आणि माझ्या माहेरी त्या दोन दिवसांत परत का निघाल्या, हे त्या एका कागदानं मला सांगितलं. तोवर मी समजत होते, त्यांना आमच्याकडचं जेवण मानवलं नाही.

जे ॲपलटन नावाच्या इंग्रज भूगोलतज्ज्ञानं १९७५ साली मांडलं होतं की जिथून आपल्याला लांबवर दिसतं पण आपण मात्र कुणाला दिसत नाही, अशी जागा माणसाला आवडते. पाहण्याची सोय आणि लपण्याची सोय, दोन्ही एकत्र. मला हे पटतं, फक्त त्यात माझी एक भर आहे. यातलं काय किती हवं ते आपण कुठं वाढलो त्यावर ठरतं. माणदेशी माणसाला पाहणं जास्त लागतं, कोकणातल्या माणसाला आडोसा. तेव्हा कुणाला नव्या मुलखात नेणार असाल तर आधी हा कागद भरून घ्या. निम्मं काम तिथंच होतं.

पॉइंटवरून मागं फिरा

आपण डोंगर पाहायला जातो म्हणजे बहुतेक वेळा पॉइंट पाहायला जातो. गाडी थांबते, कठड्याशी जायचं, फोटो काढायचा, कणीस खायचं आणि पुढचा पॉइंट. ही पाहण्याची पद्धत आपल्या आजी-पणजीची नव्हे. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमाराला महाबळेश्वराला थंड हवेचं ठिकाण वसवलं, तिथल्या पेठेला मालकम पेठ असंच नाव पडलं. मग डोंगराच्या एकेका टोकाला साहेबांची आणि त्यांच्या लेकीबाळींची नावं मिळाली: एल्फिन्स्टन, आर्थर, केट. केट ही माल्कम यांचीच मुलगी. ज्याला आपण विल्सन पॉइंट म्हणतो तो सिंदोळा. माथेरानला ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये पोचले आणि तिथंही तेच झालं. ही माणसं उन्हानं बेजार होती, घरापासून लांब होती, आणि दरीकडं चौकटीतल्या चित्रासारखं पाहायची सवय घेऊनच इथं आली होती. त्यांच्या परीनं त्यांनी मन लावूनच पाहिलं असेल. पण त्यांनी उभं राहायला निवडलेल्या जागेवरच आपण दोनशे वर्षं उभे आहोत.

त्याच डोंगरावर, पेठेपासून पाच-सहा किलोमीटरवर, क्षेत्र महाबळेश्वर आहे. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचं उगमस्थान मानतात. गोमुखातून पाणी कुंडात पडत असतं. माझी आत्या गावातल्या बायकांबरोबर एकदा तिथं गेली होती. एकही पॉइंट न पाहता आली. तिनं आणलं होतं पाच लिटरचं कॅन भरून पाणी, आणि आल्यावर तासभर एकच सांगत होती, ‘मे महिन्यात, पोरी, दगडातनं पाणी! आन गार!’ पुढं हीच कृष्णा आपल्या जिल्ह्यातून वाहत जाते आणि आपल्याला तिचं पाणी मिळायला पिढ्या गेल्या, हे त्या बोलण्यात होतंच. तिच्या लेखी महाबळेश्वर कशासाठी सुंदर, तर त्या थेंबासाठी. पॉइंटवर माणूस मान वर करून लांब पाहतो, कुंडाशी तो वाकतो आणि ओंजळ पुढं करतो.

तेव्हा दोन्ही जागा एकाच दिवशी करा, आधी क्षेत्र आणि मग पॉइंट. पॉइंटवर गेलात की फोटो उरकून कठड्याकडं पाठ करा आणि निदान अर्धा तास तिथंच काढा. इथलं पाणी कुणीकडं उतरतं? खाली दिसतं ते गाव कुठल्या वाटेनं वर येतं? दूधवाला, मध-जांभळं विकणारी बाई, घोडेवाला, यांतल्या कुणाला तरी विचारा, ‘तुम्हाला या डोंगरातली कुठली जागा आवडते?’ आजवर एकानंही मला पॉइंटचं नाव सांगितलेलं नाही. एका बाईनं सांगितलं होतं, ‘आमच्या माळीच्या वरचा झरा, तिथं डोकं जड झालं तरी हलकं होतं.’

काम करणाऱ्याच्या मागं चाला

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. जमीन पाहायची तर तिच्यावर ज्याचं पोट आहे त्याच्या मागून चालायचं. माळरानाच्या बाबतीत तो माणूस म्हणजे मेंढका.

आमच्या तात्यांच्या ओळखीचे एक धनगर होते, त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, दरवर्षी आमच्या शिवारात बसायचा. दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणाकडं जायचे आणि पावसाच्या तोंडाला परत माळावर यायचे. मी सासरी रुळले तेव्हा मला वाटायचं, हिरवंगार कोकण सोडून ही माणसं पावसाळ्यात या उघड्या माळावर कशाला येत असतील? एकदा सप्टेंबरमध्ये माहेरी गेले असताना सकाळी सात ते अकरा मी त्यांच्याबरोबर चालले.

ते सारखे खाली पाहत होते. मध्येच थांबून त्यांनी गवताची एक काडी पेराशी तोडली, दातात धरली आणि म्हणाले, ‘गोड हाय अजून. फुलावर आलं की मग चव जाती.’ तो पवना होता. शेजारीच कुसळी होती, तिच्याकडं बोट करून म्हणाले, ‘हिचं कुसळ लोकरीतनं कातड्यात शिरतंय, हिच्या आधी हितनं निघायचं.’ मला जो एकसारखा हिरवट-पिवळा माळ दिसत होता, त्यात त्यांना पंधरा दिवसांचं वेळापत्रक दिसत होतं. मग मी विचारलं, ‘मामा, तुम्हाला कोकण आवडतं का माळ?’ त्यांनी टाचेनं मुरूम उकरला. वर रात्रीच्या पावसाची ओल, खाली बोटभरावर कोरडं.

‘बगा. हितं मेंढराचा पाय कोरडा ऱ्हातोय. पावसाळ्यात तिकडं थांबलो तर खुरं कुजत्याल.’

पाणी धरून न ठेवणारी जमीन, जिला आम्ही शेतकरी शिव्या देत आलो, तीच त्यांच्यासाठी चांगली जमीन होती. म्हसोबा, बिरोबा, खंडोबा यांची ठाणी असल्याच माळांवर आणि टेकड्यांवर का आहेत, तेही मग ध्यानात येतं. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं पुण्यात राहून, धनगरांबरोबर हिंडून त्यांच्या ओव्या आणि देवकथा जमवल्या. नांगराखालचं ‘क्षेत्र’ आणि चराईचं ‘वन’ असे दोन मुलूख तो वेगळे धरायचा. मला वाटतं, आपल्यातले बहुतेकजण क्षेत्राच्या डोळ्यांनीच पाहतात, म्हणून वन त्यांना रिकामं दिसतं.

असं चालायचं असेल तर काही गोष्टी सांभाळा. वाड्याकडं जाताना लांबूनच हाक द्या, कुत्री राखणीची असतात आणि ती थांबत नाहीत. मोजे घालू नका, कुसळं त्यात अडकून पायात शिरतात, साधी चप्पल बरी. दोन लिटर पाणी स्वतःचं न्या, त्यांच्याकडं मागू नका. ते देतील, पण ते लांबून आणलेलं असतं. मेंढरांच्या पुढं चालू नका. आणि पहिला तासभर प्रश्न विचारू नका. माणूस कुठं थांबतो, कशाला हात लावतो, कुठून वळसा घालतो, एवढंच पाहा.

कोकणात असाल तर हाच प्रयोग नांगरणीच्या दिवसांत करा, किंवा खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायकांबरोबर. त्यांना ओहोटीचा चिखल जसा दिसतो तसा आपल्याला तो जन्मात दिसायचा नाही.

शब्दांची वही

एक छोटी वही फक्त जमिनीच्या शब्दांसाठी ठेवा. ज्या मुलखात ज्या गोष्टीला दहा शब्द आहेत, ती तिथल्या माणसांनी नीट पाहिलेली असते. ‘ओसाड’ हा बाहेरच्यांचा शब्द आहे. आमच्याकडं ओसाड म्हणजे माणसं सोडून गेलेलं गाव. माळाला कुणी ओसाड म्हणत नाही.

तात्यांच्या तोंडचे शब्द मी एकदा लिहून काढले. माळ, बरड, मुरमाड, चोपण, लवण, टेक, वगळ, ओढा, ताल, गायरान. वस्तीची ती पांढर आणि पिकाची ती काळी. बरड म्हणजे बारीक खड्यांची हलकी जमीन. लवण म्हणजे खोलगट भाग, जिथं पावसानंतर आठवडाभर ओल टिकते. बाहेरून आलेल्याला तिथं सपाट रान दिसतं, तात्यांना त्यात चढ-उतार दिसतात आणि ते ज्वारीची पेर त्याप्रमाणं बदलतात. लवण हा शब्द कळला त्या दिवशी आमच्या रानात मला पहिल्यांदा उतार दिसला. तीस वर्षं तिथून चालत होते मी.

सासरचे शब्द वेगळे. पऱ्या, व्हाळ, सडा, कातळ, वरकस, मळा, खाजण, आगर, पाखाडी. एक साधी गोष्ट पाहा, पाण्याच्या वाटेसाठी इकडं किती शब्द आणि कोरड्या जमिनीसाठी तिकडं किती.

शब्द विचारायची पद्धत म्हणजे, ‘याला काय म्हणतात?’ असं कधी विचारू नका. माणूस शाळेतला शब्द सांगतो. त्याऐवजी, ‘काल तुम्ही कुठून आलात?’ असं विचारा. तो सांगेल, ‘टेकावरनं खाली आलो, वगळीतनं तालीवर चढलो आन…’ आणि शब्द आपोआप पडतील. मुलांना हे काम फार आवडतं. माझ्या एका वर्गानं आजी-आजोबांकडून बासष्ट शब्द जमवले होते, त्यांतले निम्मे मला नवे होते.

चुकीच्या वेळी जा

प्रत्येक मुलखाचा एक हंगाम गाजलेला असतो आणि लोक त्यालाच जातात. तो टाळा असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्याही वेळी जा.

माणदेशात सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत जा. पाऊस आमच्याकडं बहुतेक तेव्हाच पडतो. बांधावर तरवड पिवळाधमक फुललेला असतो, नवरात्रात घटाच्या माळेला तोच लागतो. नोव्हेंबरात संध्याकाळी पाचनंतर माळावर सूर्याकडं तोंड करून खाली बसा, उभं राहू नका. उभ्यानं पाहिलं तर वाळलेलं गवत दिसतं. बसून पाहिलं तर प्रत्येक कुसळाच्या टोकातून उजेड येतो आणि वारा आला की तो सगळा उजेड एका बाजूला कलतो. हे फक्त वीस-पंचवीस मिनिटं असतं.

चैत्रात शिखर शिंगणापूरला जाऊन पाहा. सासवडहून येणारी तेल्या भुत्याची कावड द्वादशीला मुंगी घाटातून वर चढवतात. तो घाट म्हणजे नुसता उभा, तापलेला खडक. माणसं एकमेकांच्या हातांचा आधार करून पाण्याची कावड वर नेतात. त्या डोंगराचा आमच्या लोकांच्या मनातला मान कळायला तो दिवस पाहावा लागतो. फोटोत तो बोडका डोंगर दिसतो.

आणि मे महिना. साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. भर उन्हात तिथं दगडांवर सरडे बसलेले असतात. बोटभर अंगाचा, मातकट रंगाचा नर एका दगडावर चढतो, चार पायांवर ताठ होतो आणि गळ्याखालून एक पंखा उघडतो, निळा, काळा आणि नारिंगी. क्षणभर उघडा, मग मिटला. पुन्हा उघडला. पावसाआधीच्या या कोरड्या दिवसांतच तो माद्यांसाठी हे करतो. या पठारावरच्या सरड्याचं शास्त्रीय नाव २०१६ साली ठेवलं गेलं, सरडा सुपर्बा. होय, सरडा, आपला मराठी शब्द, तोच आता त्या प्रजातीसमूहाचं जगभरातलं नाव आहे. मी पोरांना हे सांगते तेव्हा ती आधी हसतात आणि मग गप्प होऊन दगडांकडं पाहू लागतात.

कोकणातल्या सड्याला पावसाळ्यात जा, शेवाळावरून घसरायचं भान ठेवून. सप्टेंबरात कातळावरच्या बोटभर पाण्यात सीतेची आसवं फुलतात, जांभळी-निळी, नखाएवढी. गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाहीत. पाण्याखाली तिच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते. साताऱ्याच्या कासला २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर जागा मिळाली आणि आता तिथं गर्दी मावत नाही. माझ्या धाकट्या जावेला मी कास दाखवायला नेलं, तर ती खाली वाकून म्हणाली, ‘वहिनी, ही तर आपल्या सड्यावरचीच की हो.’ तिच्या आवाजात नवल होतं आणि थोडी तक्रार. आपल्या सड्याचं हे आपल्याला कुणी का सांगितलं नाही, अशी.

कागदावरचं नाव तपासा

ज्या जागी जाणार तिचा सातबारा ऑनलाइन काढून पाहा. जागेकडं सरकार कसं पाहतं ते तिथं लिहिलेलं असतं. ‘पोटखराबा’ हा शब्द सापडेल, म्हणजे लागवडीला अयोग्य. १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची जी पद्धत घातली, तिच्यात मातीची खोली आणि रंग पाहून प्रती पाडल्या आणि त्यांची किंमत आण्यांत मांडली. शेतसारा बसवायला ते बरोबरच होतं. पण ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वाया, हे तेव्हापासून आपल्या तोंडात बसलं. ‘पडीक’ म्हणताना आपण गवत मोजत नाही, मेंढरं मोजत नाही, खोकड, लांडगा, चिंकारा, धाविक, चंडोल यांतलं काहीच मोजत नाही. हे सगळे माळाचेच रहिवासी आहेत. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य केलं, तरी आज तिथं तो पक्षी दिसणं जवळजवळ संपलंय. त्याला झाडी नको असते. त्याला उघडा माळ हवा असतो.

हे मी दुरून सांगत नाही. माझ्या माहेरच्या गायरानावर एका वर्षी एका संस्थेनं वृक्षारोपण ठरवलं. मी सुट्टीत तिथंच होते. आम्ही उत्साहानं खड्डे खणले, पोरांनी रोपं आणली, बहुतेक गिरिपुष्प आणि सुबाभूळ. ‘माळ हिरवा करू या’ असं फलकावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. चारी बाजूंनी चर मारला. त्या पावसाळ्यात मेंढरांचा वाडा आमच्या शिवारात आला नाही, कारण वाट बंद होती. दोन वर्षांत निम्मी रोपं जळाली आणि चराच्या आतलं पवना गवत झाडोऱ्याखाली गेलं. मी तेव्हा कोकणातून गेले होते, आणि कोकणच्या डोळ्यांनी माझ्या स्वतःच्या माळाकडं पाहिलं होतं. अजून त्या फलकाची आठवण आली की जीव कसनुसा होतो. म्हणून आता माळावर झाडं लावू या असं कुणी म्हटलं की मी दोन प्रश्न विचारते: इथं आज काय उगवतं? आणि इथून कोण जातं?

रत्नागिरीकडच्या कातळाचंही असंच आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा, आणि त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलेली. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जवळ उभं राहून तो दिसतच नाही, त्याच्या अंगातली छोटी चित्रं तेवढी दिसतात. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तो सडा त्या माणसांना नक्कीच रिकामा वाटत नसणार.

दाट मुलखात जाणाऱ्या माळावरच्या माणसासाठी

हे माझ्यासारख्यांसाठी. उघड्यावर वाढलेली नजर लांब जायला शिकलेली असते. दाट झाडीत ती चार पावलांवर अडते आणि मग गुदमरल्यासारखं होतं. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे लांब पाहायचं सोडून द्यायचं.

पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, कडेला चिऱ्याचा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची भिंत, असते. ऑगस्टमध्ये तिच्यासमोर वीस मिनिटं बसा. दोन हातांचा तुकडा निवडा आणि तेवढंच पाहा. शेवाळाचे तीन-चार हिरवे रंग, फटीतला नेचा, त्याच्या पानामागं तपकिरी ठिपक्यांची रांग, एक गोगलगाय, जी तेवढ्या वेळात वीतभर जाते. मग डोळे मिटा. व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, आवाज कुठून येतो, पाऊस केळीवर पडतोय की कौलावर, हे ओळखा. सासूबाई स्वयंपाकघरात बसून सांगायच्या, ‘पाऊस आता सुपारीवर आला, दोरीवरचे कपडे काढ.’ मी आभाळ पाहून पाऊस ओळखणारी, त्या कान देऊन ओळखणाऱ्या.

देवराईत जायचं असेल तर गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, चपला बाहेर काढा आणि आतलं काहीही, पडलेली काटकीसुद्धा, उचलू नका. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा लोकांच्या या धाकानं काय काय वाचलं ते पुढं आलं. आत गेल्यावर बोलावंसं वाटत नाही. ते तसंच राहू द्या.

सोबत वेगळ्या मुलखातलं माणूस न्या

एकट्यानं गेलात तर आपल्याच सवयीचं दिसतं. सोबत असं माणूस न्या ज्याचा कागद तुमच्या कागदाच्या उलट आहे. त्याला कुठं नकोसं होतं ते पाहा आणि तिथंच थोडं थांबा.

सासूबाईंना मी तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात पुन्हा माहेरी नेलं. या वेळी त्यांचा कागद माझ्याकडं होता. माळाच्या मधोमध नेऊन उभं करायची चूक केली नाही. आमच्या रानात एक जुनी दगडी ताल, म्हणजे बांध, आहे, छातीएवढी. तिला पाठ लागेल अशी घोंगडी टाकली, वर बाभळीची सावली होती, आणि समोर सगळं उघडं. पहिला अर्धा तास त्या पदर सावरत गप्प बसल्या. मग चहा झाला. चारच्या सुमाराला पश्चिमेकडून ढग आले आणि लांब, दोन गावं सोडून, पाऊस उतरला. वर काळा ढग, खाली राखाडी पडदा, आणि दोन्ही बाजूंना लख्ख ऊन.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. सत्तर वर्षं त्यांनी पावसात काढली होती, पण पाऊस बाहेरून कधी पाहिला नव्हता. त्यांच्याकडं तो डोक्यावरच येतो. ‘अगो, तो चालतोय,’ त्या म्हणाल्या. त्यांनी मला हाक मारली, तात्यांना हाक मारली, विहिरीवरच्या माणसाला हाक मारली. पडदा टेकडीवरून खाली आला, देवळाचा कळस दिसेनासा झाला, मग पुन्हा दिसला.

‘आपल्याकडं येईल ना हो?’ त्यांनी तात्यांना विचारलं.

तात्यांनी कपाळावर हात धरून क्षणभर पाहिलं. ‘न्हाय, विहीणबाई. तो म्हसवडला चाललाय.’